लपायचा रंग

पालघरजवळच्या माहीममध्ये आमची वाडी आहे, तिथे एक ट्रक उभा आहे. उभा म्हणजे कायमचाच. चाकं काढून खाली दगड रचलेत. सैन्याने बाद केलेला हा ट्रक माझ्या सासऱ्यांनी लिलावात घेतला, तेव्हा मी या घरात आले नव्हते. सासरे, म्हणजे आमचे बाबा, सैन्यात ड्रायव्हर होते. अशाच ट्रकांवर त्यांची सगळी नोकरी झाली, कधी बर्फात, कधी वाळवंटात. निवृत्त होऊन घरी आले, चिकू-नारळात लक्ष घालायला लागले, पण करमेना. एक दिवस घराबाहेर पडले ते संध्याकाळी हे धूड घेऊनच परतले. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, अजून ज्याला-त्याला सांगतात, "येताना मेथी आणा म्हटलं होतं, तर ह्यांनी ट्रक आणला." मेथी विसरलेच होते.

सैन्याचा हिरवा रंग साध्या माणसाच्या गाडीला लावता येत नाही. तसा नियमच आहे. म्हणून आणल्या आणल्या बाबांना तो रंगवून घ्यावा लागला, आणि बोईसरच्या रंगाऱ्याकडे जो डबा उघडा होता तो फासला गेला, निळा. त्या निळ्या ट्रकने आमची विड्याची पानं वाहिली, नारळ वाहिले, गावातली लग्नं वाहिली. मग तो थकला, कागदावरून रद्द झाला आणि वाडीत घराजवळच्या आंब्याखाली येऊन बसला. आईंनी त्याच्या बॉनेटवर पापड वाळत घालायला सुरुवात केली. पत्रा छान तापतो म्हणतात.

मी मूळची दातिवऱ्याची, मच्छीमारांच्या घरातली. वाडीवाल्यांच्या घरात आले ती प्रेमविवाह करून, आणि येताना आवाज घेऊन आले. बाजारात हळू बोललं तर मासळी टोपलीतच राहते, त्यामुळे आमच्याकडे कुणी हळू बोलत नाही. इथे आल्यावर पहिले काही महिने शेजारीपाजारी रोज विचारायचे, "भांडण झालं का?" मी म्हणायचे, "नाही, चहा विचारत होते." राग मला येतो, नाही असं नाही. पण तो दुधासारखा असतो. वर येतो आणि गॅस बंद केला की खाली बसतो.

तर बाबांचं सुरू झालं ते रिव्हर्स गिअरने. अंगणात कुणी आलं की ते दोन पावलं मागे सरकायचे. फणसाला किती फणस धरलेत ते बघायचं तर चांगले पार ओटीपर्यंत मागे यायचे. एकदा मागे येता येता तुळशीवृंदावनावर आदळले. मी म्हटलं, "बाबा, तुमचा रिव्हर्स गिअर अडकलाय." ते म्हणाले, "अडकला नाय, त्याशिवाय गाडी चालतच नाय आता." सगळे हसलो. नंतर पालघरच्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हा त्या गिअरचा उलगडा झाला.

काचबिंदू. कडेकडेची नजर आधी जाते, मधली तेवढी राहते. गेलेली परत येत नाही. थेंब घालून उरलेली जपायची. म्हणजे बाबांना जग नळीतून दिसत होतं. समोर माणूस बसलं तर नाक दिसे, कान दिसत नसत. मागे सरकलं की नळीत जास्त मावतं, म्हणून ते मागे सरकत होते. डॉक्टर म्हणाले, नळी हळूहळू अरुंद होणार, किती हळू ते सांगता येत नाही.

त्या दिवशी जेवायला बांगडा होता. बाबांना ताटातला बांगडा दिसत होता आणि शेजारची भाकरी दिसत नव्हती, ती आईंनी न बोलता त्यांच्या बोटांशी सरकवली. काटा काढता काढता बाबा म्हणाले, "गाडी निळी हाय. नजर हाय तवर एकदा तिच्या असली रंगात बघायला मिळाली असती. अख्खी." एवढंच. पुढे भात मागितला. मी मात्र आमटी वाढता वाढता ठरवून टाकलं की हे झालंच पाहिजे.

माझा नवरा तारापूरच्या एका कारखान्यात कामाला आहे आणि नियमाचा माणूस आहे. रिकाम्या रस्त्यावरही वळताना हात दाखवेल असा. तो म्हणाला, "अगं, तो रंग लावायचा नसतो. पोलिसांनी पाहिलं तर?"

"दगडावरची गाडी कुठे पळून जाणार आहे?"

"तरी पण."

"तरी पण काय? बाबांची नजर नियम वाचून थांबणार आहे का?"

मग तो दोन-चार जाणत्या माणसांना विचारून आला आणि तीन अटी घातल्या. गाडी वाडीच्या बाहेर जाणार नाही, तिच्यावर सैन्याचे आकडे किंवा निशाण्या येणार नाहीत, आणि मी ह्या विषयावर रस्त्यात उभं राहून मोठ्याने बोलणार नाही. तिसरी अट सगळ्यात कठीण होती, पण मी हो म्हटलं.

मी बोईसरला कामगारांना डबे पुरवते. माझ्याकडून डबा घेणाऱ्यांत ट्रक रंगवणारा एक माणूस आहे, उत्तरेकडचा. त्याने रंगवलेले मोर आणि कमळं बोईसरपासून मनोरपर्यंत फिरतात. मी त्याला डब्याबरोबर सगळं समजावून सांगितलं. त्याने पोळीचा तुकडा हातात धरून ऐकून घेतलं आणि मान हलवली. "भाभी, मोर बोलो, कमल बोलो, ताजमहल भी बना दूँगा. ये रंग नहीं. किसी ने देख लिया तो मेरी दुकान बंद." मी म्हटलं वाडीत कोण बघणार आहे. तो म्हणाला, "आज सब्जी बहुत अच्छी थी." म्हणजे विषय संपला. मी तणतणत घरी आले आणि वाटेतच डोक्यात प्रकाश पडला की रंगारी तर माझ्या माहेरीच आहे.

माझा धाकटा भाऊ दातिवऱ्याला होड्या रंगवतो. स्वतःच्या होडीबरोबर निम्म्या गावाच्याही तोच रंगवतो. मी फोन केला. "ट्रक रंगवायचाय. हिरवा, काळा, तपकिरी, वेडेवाकडे पट्टे, सैन्यातल्या गाड्यांना असतात तसे. झाडीत दिसू नये असा."

 तो म्हणाला, "दिसू नये म्हनून रंग मारायचा? बाय, डोकं ठिकानावर हाय ना तुजं?"

त्याचंही चुकत नव्हतं. होडी रंगवतात ती दिसावी म्हणून. धुकं असो, लाट असो, लांबून उठून दिसली पाहिजे. नारळी पुनवेच्या आधी आमच्या घरची होडी रंगायची तेव्हा सगळं काम भाऊ-वडील करायचे, पण काठाखालची शेवटची पट्टी राखून ठेवायचे. ती घरातल्या बाईने मारायची. किनाऱ्यावर उभं राहून वाट ती बघणार, होडी लांबून ओळखायची तिला, तर पट्टीही तिच्याच हातची हवी. आमच्या आयची पट्टी नारंगी असायची आणि कायम वाकडी असायची. दहा होड्या एका रांगेत येत असल्या तरी आय त्या वाकडेपणावरून सांगायची, "आली आपली." आणि चूल पेटवायला वळायची.

थंडीच्या दिवसांत, भरतीला जोर नसतो आणि जाळ्यात फारसं काही पडत नाही अशा वेळी भाऊ डबे, ब्रश आणि सुक्या बोंबलांची जुडी घेऊन आला. पहिलं काम खरवडायचं. आईंनी बॉनेटवरचे पापड नाइलाजाने उचलले. निळा रंग पापुद्र्यांनी सुटायला लागला आणि खालून जुना हिरवा डोकावला. बाबा तिथेच घुटमळत होते. दाराच्या बिजागरीपाशी, जिथे ना ऊन पोचलं ना पाऊस, तिथे तळहाताएवढा मूळचा रंग जसाच्या तसा निघाला. बाबांनी डोळा अगदी जवळ नेला. तेवढा तुकडा त्यांच्या नळीत बरोबर मावला. "ह्योच," ते म्हणाले आणि त्याच्यावर हात ठेवून राहिले. भावाला तिथे खरवडायचं होतं, पण त्याने दुसऱ्या दाराकडून सुरुवात केली.

त्या तुकड्यावरून हिरवा जुळला. दुसऱ्या दिवशी मी डब्यांच्या कामाला गेले, नवरा कारखान्यात गेला, आणि भावाने सकाळपासून ब्रश चालवला. संध्याकाळी येऊन बघते तर काय, ट्रक चकाकत होता. त्याने होडीचा तेलरंग वापरला होता. हिरवा ठिपका दाराच्या कडेला येऊन शिस्तीत थांबला होता, काळा बॉनेटच्या कडेला थांबला होता, कारण होडीत प्रत्येक फळी नीट पुरी करायची असते. वर प्रत्येक ठिपक्याभोवती बारीक काळी रेघ, मेंदीच्या नक्षीसारखी. इतकं सुबक काम मी आयुष्यात पाहिलं नव्हतं आणि इतकं चुकलेलंही नाही.

बाबांनी रिव्हर्स घेतला, पार ओटीला टेकेपर्यंत. तिथून त्यांना तो मोठा आणि चकचकीत ट्रक तुकड्यातुकड्याने दिसला असणार. ते हसायला लागले ते खोकला येईपर्यंत. "ही लढाईला नाय चालली, वराडाला चाललीय. आता फक्त नवरा बसवा."

भावाला लागलं. तो म्हणाला, "चमक नाय ठेवली तर लोक म्हनतात रंगाऱ्यानं डबा चोरला."

"बस इथं," बाबा म्हणाले. त्यांनी त्याला बाजूला बसवलं आणि बोटाने हवेत रेघा ओढत सांगायला लागले. ठिपका दारावरून उतरला की थेट बॉनेटवर गेला पाहिजे, मध्ये फट आली तर आली. जिथे कोपरा असेल तिथे तो फोडायचा. "दार दारासारखं दिसलं नाय पायजे."

"मग मानसानं चढायचं कुठून?"

"ज्याला चढायचंय त्याला म्हाईत असतं."

भावाला हे पटलं. मला वाटतं त्या वाक्यानंतरच तो त्या कामात खरा शिरला. काळ्या रेघा त्याने एकेक करून पुसल्या, आणि पुसताना त्याचं तोंड असं झालं होतं की मला हसू आवरेना. मग दुसऱ्या दिवशी ठिपके मोकळे सोडले. हिरवा दारावरून चढत टपावर गेला, तपकिरी चाकांच्या जागेवरून मागे पळाला. राहिली चमक. ती कशी मारायची ते बाबांनीच सांगितलं. "आमी ओल्या रंगावर माती मारायचो. बारीक, चाळलेली."

चाळलेली म्हटल्यावर मी स्वयंपाकघरातून चाळण आणली. आईंची रव्याची चाळण. आई मागोमाग धावत आल्या. "ती ठेव आधी. रव्याची हाय ती." मी म्हटलं नवीन आणून देते. त्यांनी माझ्या हातातून चाळण ओढून घेतली, मला वाटलं संपलं सगळं, पण त्या तिथेच मातीच्या ढिगाजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "तुमाला धड चाळता पण येत नाय. खडे चाललेत सगळे." आणि स्वतः चाळायला लागल्या. आम्ही मुठीमुठीने माती उडवायला लागलो. वारा फिरला की ती ट्रकऐवजी आमच्यावर यायची. नवरा कारखान्यातून आला, इस्त्रीच्या कपड्यात, लांब उभा राहून म्हणाला, "मास्क तरी लावा." भावाने एक मूठ त्याच्या दिशेने सोडली. मग काय, नियमाचा माणूस बाह्या वर करून आला. सगळ्यांच्या भुवया तपकिरी झाल्या. बाबा खुर्चीत बसून आवाजावरूनच ओळखत होते की कोण कुठे आहे, आणि हुकूम सोडत होते. लग्नानंतर मी त्या घरात इतकी हसले होते असं मला आठवत नाही.

एकच खटका उडाला. सगळं झाल्यावर मी हात धुऊन आले तर भाऊ पुढच्या बंपरपाशी बसलेला आणि त्याच्या हातात वेगळाच छोटा डबा. बंपरवर बोटभर नारंगी रेघ उठलेली.

"हे काय?"

"हात आपोआप गेला, बाय. पट्टीबिगर अर्धवट वाटतं."

"अर्धवट वाटू दे. बाबांना हवा तो रंग हवा, तुझी होडी नको. पूस आधी ते."

त्याने रॉकेलचा बोळा घेऊन पुसलं. छोटा डबा पिशवीत ठेवला आणि ब्रश धुवायला गेला. मला जरा वाईट वाटलं.

रंग सुकेपर्यंत बाबांना तिकडे फिरकायची मी बंदी केली. बघायचं तर एकदाच, आणि अख्खं. आता अख्खा ट्रक त्यांच्या नळीत मावायचा तर त्यांना लांब उभं करायला हवं होतं, आणि लांब म्हणजे वाडीच्या दुसऱ्या टोकाला, विहिरीपाशी. तिथून आंब्यापर्यंत सरळ वाट आहे, दोन्ही बाजूंना सुपारीच्या रांगा. मी आदल्या दिवशी स्वतः तिथे उभी राहून, मूठ वळून, तिच्या भोकातून बघून अंदाज घेतला होता. ट्रक त्या भोकात मावत होता. मला तेवढं पुरेसं वाटलं.

रविवारी सकाळी आईंनी उकडहंडी लावली होती. मडक्यात कोनफळ, रताळी आणि वालपापडी, वरून केळीचं पान, आणि पालथं घालून भोवती जाळ. वास सगळ्या वाडीत. बाबांनी पांढरा शर्ट घातला होता, दाढी गुळगुळीत. नवऱ्याने हात धरून त्यांना विहिरीपाशी नेलं. मी बरोबर गेले. आई आणि भाऊ ट्रकपाशी थांबले, आईंच्या हातात फोडायला नारळ. बाबांना पाठमोरं उभं केलं आणि मी म्हटलं, "वळा आता."

ते वळले. बघत राहिले. आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"कुठं हाय?" ते म्हणाले.

"समोर, बाबा," नवरा म्हणाला. "आंब्याखाली."

त्यांनी मान जरा डावीकडे नेली, जरा उजवीकडे, वर, खाली. "आंबा दिसतो. सुपारी दिसते. चिकू हायत. गाडी नाय दिसत."

 इतके दिवस मी सगळ्याचा विचार केला होता, नियमाचा, रंगाचा, चमकेचा, आणि ह्याचाच केला नव्हता. जवळून गाडी त्यांच्या डोळ्यात मावत नव्हती, आणि लांबून रंगच ती दाखवत नव्हता. मलाही एकदम बघितलं तर आधी झाडंच दिसत होती. मला रंगाचा राग आला, भावाचा आला, स्वतःचा तर विचारू नका.

बाबाच आधी हसले. "नाय दिसत म्हंजे पोरानं झ्याक काम केलंय. आमच्या साहेबानं पाठ थोपटली असती." नवराही हसला. पण बाबांची मान थांबली नव्हती. तोंड हसत होतं आणि मान अजून शोधत होती, सुपारीच्या एका खोडावरून दुसऱ्या खोडावर. मग ती थांबली. "चला," ते म्हणाले. "बघितली समजा. उकडहंडी गार होईल."

"समजा काय समजा," मी म्हटलं, आणि ते माझ्या तोंडून जरा जोरातच गेलं. "इथंच उभे राहा. हलायचं नाही." आणि मी तरातरा ट्रककडे गेले.

भावाला सांगायची गरज पडली नाही, माझा आवाज तिथवर पोचला होता. मी जाईपर्यंत त्याने पिशवीतून छोटा डबा काढलाही होता. मला वाटलं तोच पट्टी मारेल, पण त्याने ब्रश बुडवला, निथळला आणि आईंच्या पुढे धरला.

"मावशी, ही तुमी मारायची."

"मी?" आई म्हणाल्या. "मला नाय येत हे."

"येत कुनालाच नाय. आमची आय पन वाकडीच मारायची."

"पण मीच कशाला?"

मी सांगितलं, "आई, आमच्यात जी वाट बघते ती मारते."

आईंनी माझ्याकडे बघितलं. बाबा बर्फात ट्रक चालवत होते तेव्हा ह्या बाईने ही वाडी एकटीने शिंपली, मुलगा वाढवला, सासू-सासरे सांभाळले. त्याबद्दल त्या कधी बोलत नाहीत, मेथीबद्दलच बोलतात. त्यांनी नारळ खाली ठेवला, पदराला हात पुसला, ब्रश घेतला. "मेथी तेवढी आणली नव्हती," असं काहीतरी पुटपुटल्या, वाकल्या आणि बंपरच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पट्टी ओढली. बोटभर जाडीची, मध्ये खाली घसरलेली, शेवटी वर चढलेली. तिच्यावर कुणी माती टाकली नाही.

 विहिरीकडून बाबा म्हणाले, "थांब." कुणाला म्हणाले कोण जाणे, आम्ही सगळेच थांबलो.

"नारंगी," ते म्हणाले. मोठ्याने, ड्रायव्हरच्या आवाजात. "तो बंपर. त्याच्या वर जाळी. हां. बॉनेट. काच. काचेवर टप." एकेक नाव घेत ते वर चढत होते आणि प्रत्येक नावागणिक आवाजही चढत होता. "मागं हौदा. हाय. अख्खी हाय."

नवरा त्यांचा दंड धरून उभा होता आणि इतक्या लांबूनही मला दिसलं की तो रडतोय. मीसुद्धा रडत होते, त्यात लपवायचं काय. भाऊ डब्याचं झाकण लावायचं विसरून तसाच उभा होता.

मग बाबा म्हणाले, "आणि बाजूला ती उभी हाय. ब्रश घेऊन."

आईंनी पदर खांद्यावर नीट केला. ब्रशचा नारंगी त्यांच्या पदराला लागला, त्यांना कळलंही नाही. "दिसले एकदाची," त्या म्हणाल्या, अगदी हळू, फक्त आम्हाला ऐकू येईल असं. मग नारळ उचलून बंपरवर असा आपटला की पाणी भावाच्या तोंडावर उडालं.

उकडहंडी गारच खाल्ली आम्ही त्या दिवशी. नवरा सगळ्यात खूश होता, कारण त्याच्या मते नारंगी पट्टीमुळे आता कुणी त्या गाडीला सैन्याची म्हणूच शकणार नाही. भाऊ दातिवऱ्याला जाताना बोंबलांच्या बदल्यात चिकूची करंडी घेऊन गेला आणि छोटा डबा इथेच ठेवून गेला.

तेव्हापासून विहिरीपाशी बाबांची खुर्ची आहे. ऊन उतरलं की ते तिथे जाऊन बसतात, आधी पट्टी पकडतात, मग तिच्यावरून वर चढतात. ह्या पावसाळ्यानंतर खुर्ची थोडी मागे सरकली, विहिरीच्या पलीकडे.  बाबांनी स्वतःच उचलली, "रिव्हर्स," एवढं म्हणाले आणि बसले.

आई दर सणाला डबा काढतात आणि पट्टीवरून ब्रश फिरवतात. प्रत्येक वेळी ती जरा रुंद होते. बोटभर होती ती आता चांगली वीतभर झाली आहे. परवा भाऊ आला होता, तो बघून म्हणाला, "मावशी, सगळा बंपर नारंगी झाला की. आता कुठं मारणार?"

आई चहा गाळत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "बॉनेट हाय की अजून."